बारा महिन्यांचं १९६१ : प्रकल्प नोंदी

१८ एप्रिल २०२४

आज वाचनालयात बैठक झाली आणि विषय पक्का झाला : १९६१चं पुणं. बारा फलक, महिन्याला एक. जगात काय चाललं होतं, लोक काय ऐकत होते, कुठले खेळ-सिनेमे बघत होते आणि घरात काय येत-जात होतं, हे सगळं प्रत्येक फलकावर हवं. मजकूर माझ्याकडे, स्कॅनिंग भाच्याकडे.

एक अट मी बैठकीतच घातली. जुलैला एकच फलक. दोन नाहीत, दीड नाही.

गेला आठवडाभर वाचनालयात येणाऱ्या सत्तरीपुढच्या प्रत्येकाला मी विचारत होते, "एकसष्ट साल म्हटलं की काय आठवतं?" सगळ्यांनी एकच शब्द सांगितला. पानशेत. १२ जुलैला पानशेतचं धरण फुटून शहरात शिरलेला तो पूर. गोवा कुणाला आठवला नाही, गागारिन आठवला नाही. आमच्या घरीही काही वेगळं नव्हतं. माझा जन्म १९६४चा, गोखलेनगरचा. पूरग्रस्तांची वसाहत म्हणून वसलेलं ते गोखलेनगर. शनिवार पेठेतलं बिऱ्हाड मी पाहिलेलंच नाही. पण आईच्या बोलण्यात काळ दोनच, पानशेतच्या आधीचा आणि पानशेतनंतरचा. तिचं लग्न आधी, मी नंतर. तांब्याचा बंब आधी, ॲल्युमिनियमची पातेली नंतर.

बारा जुलैनं अख्खं वर्ष गिळलंय. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस मला परत हवे आहेत.

२४ एप्रिल

तीन दिवस वर्तमानपत्रांच्या बांधीव फायलींत गेले. कागद इतका ठिसूळ झालाय की पान उलटताना कडा भुग्यासारख्या हातात येतात. सहा महिन्यांचं काढलेलं टिपण असं :

जानेवारीत अमेरिकेत केनेडींचा शपथविधी. त्याच आठवड्यात एलिझाबेथ राणी भारतात, प्रजासत्ताक दिनाला पाहुणी. स्वातंत्र्याला चौदा वर्षंही झाली नव्हती. मार्चला जनगणना, देशाची लोकसंख्या सुमारे ४४ कोटी. १२ एप्रिलला युरी गागारिन अंतराळात १०८ मिनिटांची फेरी मारून आला. मे महिन्यात रवींद्रनाथांची जन्मशताब्दी. त्या वर्षी ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाला कुसुमावती देशपांडे अध्यक्ष होत्या, पहिल्या स्त्री अध्यक्ष. हे मला ठळक टाइपात हवंय.

पुण्यापुरतं बघायचं तर प्रभात स्टुडिओच्या जागेत सरकारनं काढलेल्या फिल्म इन्स्टिट्यूटचे पहिले वर्ग सुरू झाले ते याच वर्षी. आणि १८ एप्रिलला महर्षी कर्व्यांना १०३ वर्षं पूर्ण झाली. आपली बैठकही १८ एप्रिललाच झाली, हे फाइल बघताना लक्षात आलं. एप्रिलच्या फलकावर एका बाजूला पृथ्वीभोवती फिरून आलेला सत्तावीस वर्षांचा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला अठराशे अठ्ठावन्नचा जन्म असलेले अण्णा. दोघं एकाच महिन्यात, एकाच जगात. हा फलक आपोआप उभा राहिला.

कॅलेंडर मांडताना दिसलं, गागारिनचा १२ एप्रिल बुधवार होता आणि १२ जुलैही बुधवारच. मध्ये बरोबर तेरा आठवडे.

६ मे

वाचनालयाच्या फळ्यावर आणि आजूबाजूच्या सोसायट्यांत चिठ्ठ्या लावल्या होत्या, १९६१ सालचा घरातला कुठलाही कागद चालेल म्हणून. लग्नपत्रिका, पावती, पत्र, प्रगतिपुस्तक, काहीही.

प्रतिसाद चांगला आला, पण एक गोष्ट बघून मी थबकले. कँप, भवानी पेठ, नाना पेठ, सदाशिव पेठेचा वरचा भाग इथल्या घरांतून पिशव्या भरभरून कागद आले. त्यात रेडिओच्या लायसनची पुस्तिका आहे. तेव्हा रेडिओ ठेवायला पोस्टातून लायसन काढावं लागे. मुंजीची पत्रिका आहे. शाळेची फी भरल्याच्या पावत्या आहेत, त्यावर 'न. पै.' म्हणजे नवे पैसे. शनिवार, नारायण, कसबा, सोमवार, मंगळवार या नदीकाठच्या पेठांतूनही कागद आले, पण तारखा बघत गेले तर सगळे १२ जुलैनंतरचे. मदतीचे अर्ज, नुकसानीच्या याद्या, तात्पुरत्या जागेच्या चिठ्ठ्या. जानेवारी ते जून एकही कपटा नाही.

भाच्यानं पुण्याचा नकाशा भिंतीला लावला आणि टाचण्या टोचल्या. जुलैआधीचा कागद असेल तिथे निळी टाचणी, नसेल तिथे पांढरी. नदीच्या दोन्ही काठांनी पांढऱ्या टाचण्यांचा पट्टा उमटला. पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते दाखवायला वेगळा नकाशा काढायची गरज नाही, असं तो म्हणाला. खरं आहे.

मी इतके दिवस समजत होते, लोकांना आधीचं आठवत नाही कारण पूर फार मोठा होता. पण आठवण टिकायलाही घरात काहीतरी असावं लागतं. फोटो असला की त्यातल्या साडीवरून बोलणं निघतं, पावती असली की दुकान आठवतं. या घरांत बोलणं निघावं असं काही उरलंच नाही. माझ्या आईच्या लग्नाचा एकही फोटो का नाही, हा प्रश्न मी तिला लहानपणी रागानं विचारला होता. आज तिची माफी मागावीशी वाटली.

११ मे

निळी टाचणी! नारायण पेठेत!

वाचनालयाच्या जुन्या सभासद असलेल्या एका काकूंनी निरोप पाठवला होता. वय चौऱ्याऐंशी. एकसष्टमध्ये एकविशीच्या, लग्न होऊन सहा महिने झालेले. त्यांच्याकडे सासूबाईंची जमाखर्चाची वही आहे. जानेवारीपासूनची.

"वही वाचली कशी?" मी विचारलं.

"अगं, सासूबाईंची एक कापडी पिशवी असायची. तिच्यात पत्रिका, रेशनकार्ड, पोस्टाचं पुस्तक आणि ही वही. वाड्याच्या बोळात पाणी आलं तेव्हा मी भांडी उचलायला धावले. त्या ओरडल्या, भांडी राहू देत, पिशवी घे. मी ती डोक्यावर घेतली. कमरेएवढं पाणी होतं. एका ठिकाणी पाय घसरला आणि पिशवी खाली बुडाली, तेवढीच."

तेवढीच म्हणजे किती, ते वहीवर दिसतं. लांब, आडवी, लाल कापडी पुठ्ठ्याची वही. खालच्या कडेपासून चार बोटं उंचीपर्यंत चहाच्या डागासारखा तपकिरी पट्टा, सगळ्या पानांवर एकाच पातळीत. पट्ट्याच्या वरच्या कडेला गाळाची बारीक रेघ आहे. बोट फिरवलं तर अजून खरखरीत लागते. बोरूनं लिहिलेली शाई पट्ट्याच्या खाली फुटलीये, वर जशीच्या तशी.

काकूंनी वही दिली नाही, 'ठेवायला' दिली. हा फरक त्यांनी दोनदा सांगितला.

१६ मे

आज माझ्या हातून चूक झाली, ती लिहून ठेवते. मार्चची दोन पानं खालच्या बाजूनं चिकटलेली होती. भाचा म्हणत होता, "मावशी, राहू दे, बांबूची पट्टी आणि बटर पेपर उद्या आणतो." मला धीर धरवला नाही. हातानं सोडवायला गेले आणि डावीकडच्या पानाची खालची ओळ उजव्या पानाला चिकटून निघाली. एक ओळ गेली. 'मीठ' एवढंच वाचता येतं, पुढचं नाही.

त्रेसष्ट वर्षं, एक पूर आणि गोखलेनगरच्या पत्र्याखालचे उन्हाळे सोसून आलेली ओळ होती ती. संध्याकाळी काकूंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मीठच असेल गं. दुसरं काय." मला रडू आलं.

यापुढे चिकटलेलं पान मी एकटी सोडवणार नाही.

२९ मे

वही आता पूर्ण वाचून झाली. हे खरं एकसष्ट!

सासूबाई दोन जगांत हिशोब करत होत्या. नवे पैसे येऊन चार वर्षं झाली होती, तरी डावीकडे आणे आणि उजवीकडे न. पै. मांडलेत. चार आणे म्हणजे २५, आठ आणे म्हणजे ५०, हे सोपं. पण एका आण्याचे नेमके सव्वासहा होतात, म्हणून कुठे ६ लिहिलेत, कुठे खोडून ७. मापांचंही तेच. साखर एके ठिकाणी शेरात, पुढच्या महिन्यात किलोत, आणि एका ओळीत 'किलो' खोडून वर परत 'शेर'. दशमान पद्धत आली असं आपण एका वाक्यात लिहून मोकळे होतो. एका बाईच्या बोरूच्या टोकाशी ती कशी अडखळत आली, ते या पानांत दिसतं.

बाकीच्या नोंदी : घासलेट. कोळसे. बंबाला ढलप्या. दळण. रेडिओ लायसन. 'सूनबाईस गजरा'. 'सिनेमा, दोघे'. ही शेवटची नोंद मेमध्ये तीनदा आहे. काकूंना विचारलं, कुठला सिनेमा? नाव आठवेना, पण लाजल्या. मग म्हणाल्या, जयश्री गडकरांचा एक असणार, कारण घरी येऊन मी तशीच नऊवारी नेसून बघितली होती आणि सासूबाई हसल्या होत्या. त्या वर्षी 'मानिनी' आला होता. फलकावर नाव घालायचं नाही, काकूंना ते नक्की आठवत नाही. नऊवारी मात्र घालायची.

शेवटची नोंद ११ जुलै, मंगळवार. दूध, कोथिंबीर, छत्रीस काडी.

त्यानंतर एक पूर्ण पान कोरं. उलटलं की २९ जुलै : बादल्या २, कंदील १, फिनेल.

८ जून

काकूंच्या घरी रेकॉर्डिंग, दीड तास. बारा जुलैबद्दल मी काही विचारायचं नाही असं ठरवून गेले होते, त्यामुळे गाण्यांपासून सुरुवात केली.

बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला. अमीन सायानींचा आवाज. वाड्यात रेडिओ एकच, काकूंच्याच घरी, त्यामुळे आठला सगळं बिऱ्हाडकरू मंडळ ओटीवर. त्या वर्षीचं पहिल्या क्रमांकाचं गाणं 'ससुराल'मधलं, रफींचं 'तेरी प्यारी प्यारी सूरत को'. काकूंनी ते गुणगुणून दाखवलं, कडव्याच्या मध्ये थांबल्या, आणि मी न विचारताच म्हणाल्या :

"तो पण बुधवार होता. पुढचे दोन दिवस आम्ही पर्वतीला ओळखीच्यांकडे. रात्री कुणी तरी म्हणालं, आज बिनाका नाही. एवढ्या माणसांत सगळे एकदम गप्प झाले. आपलं घर गेलं हे तोवर कुणाला खरं वाटत नव्हतं बहुतेक. रेडिओ गेला म्हटल्यावर वाटलं."

दुसऱ्या दिवशी 'पाणी आलं, पाणी आलं' अशी आवई उठली आणि सगळी माणसं पुन्हा पर्वतीच्या दिशेनं पळत सुटली. पाणी आलंच नव्हतं. त्या पळण्याबद्दल काकू जास्त बोलल्या. खऱ्या पुराच्या वेळी भीती वाटायला वेळच मिळाला नाही, म्हणाल्या.

मग नळ कोरडे. खडकवासल्याचं धरणच गेलं तर शहराला पाणी कुठून येणार? वाड्यांच्या विहिरी उपसल्या, पेशव्यांच्या काळातल्या कात्रजच्या नळाच्या हौदांवर रांगा लागल्या. जिकडे तिकडे गाळ, आणि प्यायला घोट नाही.

जुलै एका फलकात मावणार नाही, असं भाचा परत येताना म्हणाला. मी उत्तर दिलं नाही.

२१ जून

जुलैच्या मजकुराचा सातवा खर्डा. एकशे वीस शब्दांची मर्यादा.

आंबी नदीवरचं मातीचं धरण, काम पूर्ण झालेलं नव्हतं. पाणी सोडायच्या मोरीचं काम अर्धवट असताना पावसाळ्यात धरण भरू दिलं. मोरीवरचा भराव खचत गेला. जवानांनी अकराच्या रात्रभर वाळूची पोती रचली. बाराच्या सकाळी धरण फुटलं, आणि त्या लोंढ्यानं त्याच दिवशी खडकवासल्याचं एकोणिसाव्या शतकातलं दगडी धरणही नेलं. चौकशी आयोग नेमला, पण न्यायमूर्ती बावडेकरांनी काम पुरं होण्याआधीच आत्महत्या केली. मग न्यायमूर्ती नाईकांकडे काम आलं. पुनर्वसनासाठी सनदी अधिकारी स. गो. बर्व्यांना पुण्यात आणलं. पुढे गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर.

यातलं काहीही गाळायला मन होत नाही. पण जवानांचं वाक्य सगळ्यात आधी ठेवायचं, हे नक्की. पोती रचणाऱ्या त्या मुलांना पुण्याची गल्ली न् गल्ली माहीत नव्हती, आणि ती रात्र त्यांनी पुण्यासाठी जागून काढली.

ऑगस्टच्या फलकावर भाच्यानं लिहिलं होतं : 'इकडे एक भिंत पडली, तिकडे बर्लिनमध्ये एक उभी राहिली.' मी खोडलं. १२-१३ ऑगस्टच्या रात्री बर्लिनमध्ये तारांचं कुंपण घातलं गेलं, त्यात घरं तुटली, माणसं दुरावली. ती त्यांची गोष्ट आहे, आपल्या गाळाशी तिची जोडणी करायची नाही. तो रुसला, पण त्यानंच नवं वाक्य लिहिलं आणि ते चांगलं आहे : ऑगस्टमध्ये पुणेकर पत्र्याच्या डब्यांनी घरातला गाळ बाहेर काढत होते आणि वर्तमानपत्रात बर्लिनच्या बातम्या येत होत्या.

१२ जुलै

आज उद्घाटन करावं असा आग्रह होता. मी नको म्हटलं, आणि समितीनं ऐकलं.

संध्याकाळी नारायण पेठेत एका वाड्याच्या दारापाशी जाऊन आले. आत अंगणातल्या भिंतीवर दगडी पट्टी आहे, '१२ जुलै १९६१, पाण्याची पातळी'. माझ्या डोक्याच्या बरीच वर. खाली तुळशीवृंदावन, बाजूला दोन स्कूटर. वाड्यातली एक मुलगी पायऱ्यांवर अभ्यास करत होती. तिला विचारलं, ही पट्टी कसली माहितीये का? "पुराची. बॉल तिच्यावर लागला की सिक्स," ती म्हणाली.

पट्टीचा फोटो काढला. जुलैच्या फलकावर तोच जाणार.

२५ जुलै

काल रात्रभर पाऊस. पहाटे खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. लष्कर बोलवावं लागलं, बोटी आल्या. डेक्कनला पुलाच्या वाडीत विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले.

सकाळी सातपासून काकूंचे चार फोन. "पानशेत ठीक आहे ना गं?" मी दर वेळी ठीक आहे म्हणत होते. चौथ्या फोनला म्हणाल्या, "वही वरच्या कपाटात ठेव." ठेवली.

आज काम नाही. दुपारी एकतानगरीतल्या एका सभासदाकडे मेणबत्त्या, पाणी आणि पोळ्या घेऊन आम्ही तिघी गेलो. जिन्यात गुडघ्याएवढा गाळ. त्यांची मुलगी पुस्तकांची पानं वेगळी करून पंख्याखाली ठेवायचा प्रयत्न करत होती, आणि पंखा बंद, कारण वीज नव्हती. मी तिला पानं सोडवायची घाई करू नकोस म्हटलं. टीपकागद आहेत आमच्याकडे, बटर पेपर आहे. उद्या भाचा घेऊन जाईल.

१ ऑगस्ट

राहिलेले फलक. सप्टेंबरमध्ये बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची परिषद, नेहरू तिथे. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांचे हॅमरशोल्ड विमान अपघातात गेले. घरच्या बाजूला वहीतली नोंद : 'गणपती, लहान'. दर वर्षी मोठा असायचा, त्या वर्षी ठेवायला कोनाडाच नव्हता. ऑक्टोबर-नोव्हेंबर लवकर उरकले.

डिसेंबर मात्र मनासारखा झाला. गोव्याची मोहीम ज्यानं चालवली त्या लष्कराच्या दक्षिण विभागाचं मुख्यालय पुण्यातच, प्रमुख लेफ्टनंट जनरल चौधरी. १८ डिसेंबरला दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकायला गेलेली बारा कॅनबेरा विमानं पुण्याहूनच उडाली. १९ तारखेला पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. आणि त्याच्या सहा-सात वर्षं आधी याच शहरातून सत्याग्रहींच्या तुकड्या गोव्याकडे गेल्या होत्या. सेनापती बापट, ना. ग. गोरे, शिरूभाऊ लिमये. म्हणजे गोवा पुण्याच्या घरातला विषय होता, तरी एकसष्ट म्हटल्यावर कुणाच्याही तोंडी आला नाही!

काकूंना विचारलं. त्या डिसेंबरमध्ये तात्पुरत्या छावणीत होत्या. "विमानं गेली ना," म्हणाल्या. "अजून उजाडायचं होतं नाहीतर नुकतंच उजाडलं होतं. आवाज आला आणि अख्खी छावणी उठून बाहेर. आम्हाला वाटलं परत पाणी. मग कळलं विमानं आहेत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुणी तरी पेढे वाटले, कुठून आणले कोण जाणे."

वहीत १९ डिसेंबरला नोंद आहे : 'पेढे, पाव शेर.' सासूबाईंनीच आणले होते. काकूंना ते आज कळलं.

९ ऑगस्ट

फलक लागले. बारा. जुलैचा एकच.

नकाशा टाचण्यांसकट मधल्या भिंतीवर आहे. काचेच्या पेटीत वही. कुठल्या पानावर उघडी ठेवायची यावर समितीत एक तास गेला. बहुतेकांचं म्हणणं ११ जुलैचं पान, समोर कोरं पान. बघणाऱ्याला लगेच कळेल, हे मलाही पटत होतं. मग काकूंनाच बोलवू म्हटलं. वही त्यांची आहे.

रिक्षातून आल्या, भाच्याचा हात धरून. सगळे फलक न थांबता बघत गेल्या, जुलैपाशीही थांबल्या नाहीत. मेच्या फलकापाशी थांबल्या. पेटीपाशी आल्यावर मी पानं उलटू लागले तर म्हणाल्या, "थांब, मी." बोटाला थुंकी न लावता, कडेनं, एकेक पान उलटत गेल्या आणि मेमध्ये थांबल्या. 'सूनबाईस गजरा' आणि खाली 'सिनेमा, दोघे'.

"हे ठेव," म्हणाल्या.

पेटीला कुलूप लावलं. किल्ली काकूंकडे. उद्या शनिवार, दहाला दार उघडायचं.